वीज कुणाची, रस्ता कुणाचा: युक्रेन युद्ध आणि शेजारचे छोटे देश

विचारलेला प्रश्न असा: रशिया-युक्रेन युद्धामुळे मोल्दोव्हा, जॉर्जिया, आर्मेनिया अशा छोट्या शेजाऱ्यांचं नेमकं काय झालं, आणि अशा वेळी छोट्या देशाने बाजू घ्यावी की तटस्थ राहावं?

दुसरा भाग आधी घेतो, कारण तो बहुतेक वेळा उलट्या टोकाने विचारला जातो. बाजू घेणं म्हणजे युद्ध पेटल्यावर मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसून करायची निवड, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात 24 फेब्रुवारी 2022 च्या पहाटे या देशांपुढे किती वाटा मोकळ्या होत्या हे आधीच्या तीस वर्षांत ठरून गेलं होतं. वीज कुठून येते, गॅसचा करार कुणाशी आहे, माल कुठल्या रस्त्याने बाहेर पडतो, आपल्याच हद्दीत कुणाचं सैन्य तळ ठोकून बसलंय, यावर सगळं अवलंबून होतं. मी या पट्ट्यातल्या ऊर्जा आणि वाहतुकीच्या करारांवर बरीच वर्षं काम करतो. एखाद्या देशाची भूमिका समजून घ्यायची झाली, तर परराष्ट्रमंत्र्यांचं भाषण मी नंतर वाचतो, वीजवाहिन्यांचा नकाशा आधी मागवतो.

मोल्दोव्हाचा तो नकाशा बघण्यासारखा आहे. देश जेमतेम पंचवीस लाखांचा. एका बाजूला रोमानिया, तीन बाजूंना युक्रेन. नीस्टर नदीच्या पलीकडे ट्रान्सनिस्ट्रिया नावाची चिंचोळी पट्टी. 1992 च्या लढाईपासून ती राजधानी किशिनाऊच्या ताब्यात नाही, फुटीर राजवट चालवते. तिथे साधारण दीड हजार रशियन सैनिक आहेत आणि कोबास्ना गावात सोव्हिएत काळातला सुमारे वीस हजार टन दारूगोळा पडून आहे. मोल्दोव्हातलं सगळ्यात मोठं वीजनिर्मिती केंद्र, कुचुर्गानचं, नेमकं याच पट्टीत. आणि रोमानियातून येणारी 400 किलोव्होल्टची वाहिनी इसाक्चाहून निघून वल्कानेश्तीला येते, तिथून कुचुर्गानच्या उपकेंद्रात जाते आणि मग किशिनाऊकडे वळते. म्हणजे मित्रदेशाकडून वीज घेतली तरी ती आधी फुटीरांच्या अंगणातून फिरून येणार.

त्यावर चालणारा व्यवहार आणखी विचित्र होता. गॅझप्रॉम ही रशियाची सरकारी गॅस कंपनी ट्रान्सनिस्ट्रियाला गॅस द्यायची आणि तिथून बिलाचे पैसे कधीच यायचे नाहीत. त्या फुकटच्या गॅसवर कुचुर्गान वीज बनवायचं आणि किशिनाऊला स्वस्तात विकायचं. ते पैसे ट्रान्सनिस्ट्रियाची राजधानी तिरास्पोलच्या तिजोरीत जायचे. पगार, पेन्शन, पोलीस सगळं त्यातून चालायचं. थोडक्यात, मोल्दोव्हाचं सरकार दरमहा वीजबिल भरून स्वतःच्या देशातली फुटीर राजवट पोसत होतं. आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरी वीज महाग होती आणि निवडणुका दर चार वर्षांनी येतात, त्यामुळे कुणी हात लावायला धजत नव्हतं.

युद्ध सुरू झालं त्याच रात्री एक योगायोग घडला, जो मला अजूनही अचंबित करतो. युक्रेन आणि मोल्दोव्हाची वीजव्यवस्था त्या मध्यरात्री रशिया-बेलारूसच्या जाळ्यापासून चाचणीसाठी तोडली गेली होती. तीन दिवस स्वतंत्र चालवून बघायचं आणि परत जोडायचं, असा आधीच ठरलेला कार्यक्रम होता. काही तासांत क्षेपणास्त्रं पडू लागली आणि परत जोडण्याचा विषयच संपला. युरोपच्या जाळ्याशी जोडणी व्हायची होती 2023 मध्ये. ती 16 मार्च 2022 रोजी, म्हणजे तीन आठवड्यांत, तातडीने करून टाकली. एरवी अशा जोडणीच्या तांत्रिक बैठकांतच वर्ष निघून जातं.

पण जोडणी झाली म्हणजे सुटका झाली असं नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये रशियाने युक्रेनची वीजकेंद्रं लक्ष्य केली आणि युक्रेनने मोल्दोव्हाला वीज विकणं थांबवलं. त्याच महिन्यात गॅझप्रॉमने गॅसही कमी केला. 23 नोव्हेंबरला युक्रेनच्या जाळ्यावर मोठा हल्ला झाला, त्याच्या धक्क्याने वाहिन्या आपोआप बंद पडल्या आणि अर्ध्याहून जास्त मोल्दोव्हा अंधारात गेला. त्या देशावर एकही क्षेपणास्त्र डागलेलं नव्हतं. महागाई त्या शरद ऋतूत 35 टक्क्यांच्या आसपास पोचली होती. युद्धात नसलेल्या देशाला युद्ध कसं लागतं याचं याहून स्वच्छ उदाहरण माझ्याकडे नाही.

मग किशिनाऊने काय केलं? डिसेंबर 2022 पासून रशियाकडून येणारा सगळा गॅस ट्रान्सनिस्ट्रियाकडे वळवला आणि स्वतःसाठी युरोपच्या बाजारातून घ्यायला सुरुवात केली. रोमानियातल्या इयाशीहून किशिनाऊपर्यंतची नळवाहिनी तोवर बांधून तयार होती; अनेक वर्षं ती जवळजवळ रिकामी पडलेली म्हणून तिची चेष्टा व्हायची. गॅझप्रॉम 70 कोटी डॉलरच्या वर थकबाकी सांगत होतं. मोल्दोव्हाने आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण करून घेतलं, त्यात जेमतेम 86 लाख डॉलरचा हिशेब लागला आणि तेवढंच देणं सरकारने मान्य केलं. वीज मात्र 2024 संपेपर्यंत कुचुर्गानचीच घेत राहिले. माझ्या मते ही धरसोड होती, पण त्यांच्या जागी बसलेल्या माणसाला ती अपरिहार्य वाटली असणार.

1 जानेवारी 2025 ला युक्रेनमार्गे येणारा रशियन गॅस कायमचा बंद झाला. गॅझप्रॉमने जुन्या थकबाकीचं कारण पुढे करून दुसऱ्या मार्गानेही तो पाठवला नाही. मॉस्कोच्या मर्जीतली म्हणवणारी ट्रान्सनिस्ट्रिया ऐन हिवाळ्यात गारठली. घरांची उष्णता आणि गरम पाणी बंद, कारखाने बंद, वीज तासातासाने जाणारी. कुचुर्गान उरल्यासुरल्या कोळशावर ढकललं. नदीच्या उजव्या तीरावर, म्हणजे किशिनाऊच्या बाजूला, दिवे चालू राहिले, रोमानियाच्या विजेवर, पण दर एका झटक्यात दीडपटीहून वर गेला. तिरास्पोलच्या मदतीला पहिला गॅस आला तो 1 फेब्रुवारीला, युरोपीय संघाच्या पैशातून.

इथे एक गोष्ट सहसा निसटते. या युद्धाने ट्रान्सनिस्ट्रियाला रशियाच्या जवळ नेण्याऐवजी कोंडीत पकडलं. आक्रमण झाल्याबरोबर युक्रेनने त्या बाजूची हद्द बंद केली. तेव्हापासून तिथला प्रत्येक कंटेनर किशिनाऊच्या कस्टम्समधूनच जातो. तिथली निर्यात आधीपासूनच बऱ्यापैकी युरोपकडे वळलेली होती, आता तर ती दोन तृतीयांशाच्या वर आहे. जानेवारी 2024 मध्ये मोल्दोव्हाने तिथल्या कंपन्यांना आयातशुल्क लावलं, तेव्हा तिरास्पोलने मॉस्कोकडे ‘संरक्षण’ मागणारा ठराव केला आणि परदेशी माध्यमांत दोन दिवस मोठा गजहब झाला. पुढे काहीच घडलं नाही. घडणार कसं? रशियन सैन्याला तिथवर पोचायला ओडेसा ओलांडावं लागतं. एप्रिल 2022 मध्ये रुस्तम मिन्नेकायेव या रशियन सेनाधिकाऱ्याने दक्षिण युक्रेन घेऊन ट्रान्सनिस्ट्रियापर्यंत वाट काढण्याची भाषा केली होती. मोल्दोव्हाची खरी संरक्षणफळी तेव्हापासून युक्रेनी सैन्यच आहे, हे किशिनाऊत कुणी माईकवर बोलत नसलं तरी मानतात सगळे.

तटस्थतेबद्दल. मोल्दोव्हाच्या 1994 च्या राज्यघटनेत अकराव्या कलमात कायमस्वरूपी तटस्थता लिहिलेली आहे, आणि दुसऱ्या देशाचं सैन्य आपल्या भूमीवर राहू देणार नाही असंही. रशियन सैनिक त्या दिवशीही तिथे होते, आजही आहेत. फिनलंडने युद्धोत्तर काळात गट टाळले, पण सक्तीची लष्करसेवा कधी सोडली नाही. युद्धकाळात पावणेतीन लाखांहून अधिक सैनिक उभे करायची तयारी ठेवली. त्यामुळे एप्रिल 2023 मध्ये तो देश नाटोत गेला तेव्हा काहीतरी घेऊन गेला. कागदावर एकच शब्द असलेल्या या दोन तटस्थता एका मापाने मोजता येत नाहीत. छोट्या देशाने तटस्थ राहावं का, याचं माझं उत्तर म्हणूनच थोडं कोरडं आहे: राहायचं असेल तर तो बराच महागडा पर्याय आहे, आणि त्याची किंमत युद्धाच्या आधी भरावी लागते.

लिथुआनियाने ती आधी भरली, जरी नाटोत राहून. क्लाइपेदा बंदरात द्रवरूप गॅस उतरवायचं जहाज 2014 मध्येच आणून ठेवलं. दर महाग पडतो म्हणून देशात ओरड झाली. एप्रिल 2022 मध्ये रशियन गॅस पूर्ण बंद करणारा तो युरोपीय संघातला पहिला देश ठरला. रशियाच्या वीजजाळ्यापासून वेगळं व्हायला मात्र तिन्ही बाल्टिक देशांना फेब्रुवारी 2025 उजाडलं. त्या कामाचा खर्च दीड अब्ज युरोच्या वर गेला आणि त्यातला तीन चतुर्थांश युरोपीय संघाने उचलला. हा आकडा मी मुद्दाम सांगतो. छोट्या देशाला परावलंबित्व तोडायला जिद्द लागते हे खरं, पण बिल भरणारा कुणीतरी लागतो. मोल्दोव्हाला तो युद्धानंतर मिळाला. आर्मेनियाला अजून धड मिळालेला नाही.

जॉर्जियाची गोष्ट वेगळ्या अंगाने जाते. 2008 च्या पाच दिवसांच्या युद्धानंतर देशाचा पाचवा हिस्सा हातात नाही आणि दक्षिण ओसेतियाची रेषा मुख्य महामार्गापासून हाकेच्या अंतरावर आहे. 2022 मध्ये राजधानी तिबिलिसीत युक्रेनच्या बाजूने हजारोंची गर्दी उतरली, पण सरकारने रशियावर स्वतःचे निर्बंध लादायला दुसऱ्याच दिवशी नकार दिला. एवढ्यावर मी त्यांना दोष देणार नाही. प्रश्न पुढे सुरू झाला. ‘आम्हाला दुसरी आघाडी उघडायला लावणारे लोक आहेत’ हा प्रचार देशातल्या विरोधकांवर वापरला गेला. मे 2024 मध्ये परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना वेगळी नोंदणी सक्तीची करणारा कायदा आला. नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान इराक्ली कोबाखिद्झे यांनी युरोपीय संघाच्या सदस्यत्वाची बोलणी 2028 अखेरपर्यंत बाजूला ठेवल्याचं जाहीर केलं. जॉर्जियाने आणि मोल्दोव्हाने अर्ज एकाच दिवशी केला होता, 3 मार्च 2022 ला. शेजारच्या युद्धाची भीती सरकारला देशांतर्गत किती कामाला येते, हे इथे दिसतं.

भीतीबरोबर पैसाही आला. सप्टेंबर 2022 मध्ये रशियात सैन्यभरती जाहीर झाली आणि अप्पर लार्सच्या घाटात किलोमीटरच्या किलोमीटर रांगा लागल्या. जॉर्जिया आणि रशिया यांच्यातली जमिनीवरची चालू सीमाचौकी ती एकच. पायी ओलांडायला परवानगी नव्हती, म्हणून लोकांनी मिळेल त्या भावाने सायकली विकत घेतल्या आणि रेटत पलीकडे नेल्या. येणारे बरेचसे शिकलेले, संगणक क्षेत्रातले, खात्यात पैसे असलेले. तिबिलिसी आणि आर्मेनियाची राजधानी येरेवानमध्ये घरभाडी भडकली, स्थानिक चलनं वधारली. त्या वर्षी जॉर्जियाची अर्थव्यवस्था 10 टक्क्यांच्या वर, आर्मेनियाची 12 टक्क्यांच्या पुढे वाढली. भाडेकरूला बाहेर काढणाऱ्या घरमालकाला आणि त्या भाडेकरूला हे युद्ध एकसारखं दिसलं नसणार.

किरगिझस्तानचं तर आणखी वेगळंच. जर्मनीतून तिथे जाणाऱ्या गाड्यांची संख्या अचानक कित्येक पटींनी वाढली. राजधानी बिश्केकला एवढ्या गाड्यांची हौस एकाएकी लागली नव्हती. युरेशियन आर्थिक संघात रशियाशी कस्टम्सची भिंत नसल्याने माल पुढे जात होता. असे आकडे वाचताना देशाकडे न बघता मालाच्या संकेतांकांकडे बघावं लागतं. एरवी वर्षाला चार खोकी येणाऱ्या देशात इंटिग्रेटेड सर्किटचे ढीग उतरू लागले की काय चाललंय ते कळतं. युरोपीय संघाने जून 2023 च्या अकराव्या निर्बंध-संचात अशा तिसऱ्या देशांवर कारवाईची तरतूद केली, जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने किरगिझस्तानातल्या केरेमेत बँकेवर निर्बंध घातले. हा फायदा उधारीचा असतो आणि वसुली बँकेच्या दारात होते: डॉलरचे व्यवहार अडकतात, भरडले जातात ते साधे व्यापारी.

कझाकस्तान क्षेत्रफळाने छोटा नाही, पण अडकलेला आहे. जून 2022 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मंचावर, पुतिन शेजारी बसलेले असताना, अध्यक्ष तोकायेव यांनी युक्रेनमधल्या डोन्येत्स्क आणि लुहान्स्क या रशियासमर्थक फुटीर भागांना मान्यता देणार नाही असं सांगितलं. पाच महिन्यांपूर्वीच त्यांची खुर्ची सावरायला रशियाच्या पुढाकाराने सैन्य आलं होतं, हे लक्षात घेतलं तर ते धाडसच. आता कझाक तेलाची सुमारे 80 टक्के निर्यात जिथून होते ती नळवाहिनी रशियातल्या नोव्होरोसिस्क बंदरात संपते. त्या वर्षी तिथे आधी वादळाने नुकसान झालं, मग महायुद्धातली जुनी स्फोटकं सापडली, मग जुलैमध्ये कागदपत्रांतल्या त्रुटींवरून न्यायालयाने तीस दिवस काम थांबवायचा आदेश दिला. तो पुढे किरकोळ दंडावर निभावला. धागेदोरे सिद्ध करता येत नाहीत. पण राजधानी अस्तानात निरोप पोचला, आणि कॅस्पियन ओलांडून अझरबैजान-जॉर्जियामार्गे जाणाऱ्या मार्गाच्या बैठका एकाएकी गंभीरपणे होऊ लागल्या.

आर्मेनियाने सर्वाधिक गमावलं, असं माझं मत आहे. रशियाशी लष्करी करार, ग्युम्रीत रशियन तळ, आणि 2020 च्या युद्धानंतर अझरबैजानच्या हद्दीतल्या, आर्मेनियन वस्तीच्या नागोर्नो-काराबाखमध्ये जवळपास दोन हजार रशियन शांतिसैनिक. कागदावर यापेक्षा भक्कम हमी नाटोबाहेरच्या फार थोड्या छोट्या देशांकडे होती. डिसेंबर 2022 मध्ये काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा लाचिनचा रस्ता अडवला गेला तेव्हा हे शांतिसैनिक बघत राहिले. 19 सप्टेंबर 2023 ला अझरबैजानने हल्ला केला, दुसऱ्या दिवशी सगळं संपलं, आणि काही दिवसांत एक लाखाहून जास्त आर्मेनियन माणसं घरदार सोडून निघाली. रशिया युक्रेनमध्ये गुंतलेला होता, शिवाय निर्बंधांमुळे त्याला तुर्किये आणि अझरबैजान यांची गरज आर्मेनियापेक्षा जास्त होती. युरोपही फार बोलला नाही. युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लाएन यांनी जुलै 2022 मध्ये अझरबैजानची राजधानी बाकूला जाऊन रशियाऐवजी अझरबैजानी गॅस वाढवून घेण्याचा करार केला होता. दूरच्या युद्धामुळे मित्र आणि गिऱ्हाईक दोघांची गणितं बदलली आणि त्याची किंमत काराबाखचं मुख्य शहर स्तेपानाकेर्तच्या लोकांनी मोजली.

त्यानंतर पंतप्रधान पशिन्यान यांच्या सरकारने रशियाप्रणीत लष्करी संघटनेतला सहभाग गोठवला, फ्रान्सकडून रडार घेतले; भारताकडून पिनाका रॉकेट घेण्याचा करार 2022 मध्येच झाला होता. दिशा बदलली, असं मथळ्यांत येतं. पण नकाशा बघा: गॅसचं वितरण गॅझप्रॉमच्या कंपनीकडे, रेल्वे चालवायला रशियन रेल्वेच्या उपकंपनीकडे, आणि रशियाला जाणाऱ्या मालाचे ट्रक त्याच लार्सच्या घाटातून. म्हणून येरेवान युरोपीय संघाकडे जाण्याचा कायदा करतं आणि युरेशियन संघ सोडत नाही. दुटप्पीपणा म्हणणं सोपं आहे.

प्रादेशिक राजनयाचं काय झालं, हे थोडक्यात सांगता येईल. मध्यस्थच एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. ट्रान्सनिस्ट्रियासाठी ‘पाच अधिक दोन’ नावाची रचना होती, तिच्यात रशिया आणि युक्रेन दोघेही मध्यस्थ. ती 2019 नंतर बसलेलीच नाही. काराबाखसाठीचा मिन्स्क गट, ज्याचे सहअध्यक्ष रशिया, अमेरिका आणि फ्रान्स, तो 2025 मध्ये औपचारिकपणे गुंडाळला गेला. युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेत एकमताशिवाय काही होत नाही, त्यामुळे साधा अर्थसंकल्पही अडतो. या रचना रटाळ होत्या, त्यांनी वाद कधी सोडवले नाहीत. पण दोन्ही तीरांवरचे अधिकारी तिथे भेटायचे, शेतजमिनीपासून गाडीच्या नंबरप्लेटपर्यंतचे वाद मिटवायचे. ते दार गेलं.

जागा भरली ती मोठ्या खेळाडूंनी, एकेकट्याने. तुर्कियेने सामुद्रधुन्यांच्या वापराचे नियम ठरवणारा मॉन्ट्रो करार लावून काळ्या समुद्रात जायची वाट युद्धनौकांना बंद केली आणि जुलै 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांबरोबर युक्रेनचं धान्य समुद्रमार्गे बाहेर काढणारा करार घडवला. वर्षभरात जवळपास 3.3 कोटी टन धान्य त्यातून बाहेर पडलं. ऑगस्ट 2025 मध्ये पशिन्यान आणि अझरबैजानचे अध्यक्ष अलियेव यांनी हात मिळवले ते वॉशिंग्टनमध्ये. अशा व्यवहारांत वेग असतो. बदल्यात छोट्या देशाचं नशीब एका राजधानीच्या मर्जीवर लटकतं.

मोल्दोव्हात ऑक्टोबर 2024 च्या सार्वमतात युरोपचा कौल साधारण साडेदहा हजार मतांनी लागला, तोही परदेशातल्या मतदारांमुळे. सप्टेंबर 2025 च्या संसदीय निवडणुकीत युरोपवादी अध्यक्ष माया सान्दू यांच्या पक्षाला 101 पैकी 55 जागा मिळाल्या. म्हणजे अजून तरी लोकांनी महाग वीज सोसली आहे. युद्धविराम झाला की खरी परीक्षा सुरू होईल, कारण स्वस्त रशियन गॅस पुन्हा कुणीतरी दाखवेल. कुचुर्गानची वीज परत घ्यावी का, असं मला विचारलं तर वल्कानेश्तीहून थेट किशिनाऊला जाणारी नवी वाहिनी पूर्ण भाराने चालेपर्यंत एक युनिटही नको, असं सांगेन. आणि करार जेव्हा केव्हा होईल, त्याच्या मसुद्यात मी आधी दोन गोष्टी शोधेन: ट्रान्सनिस्ट्रियातल्या त्या दीड हजार सैनिकांचा उल्लेख आहे का, आणि ते कलम लिहिताना किशिनाऊचा कुणी टेबलावर होता का.